मायेची मोजदाद

आपल्या भाषेत परिचारिकेचे कौतुक करणारे शब्द पुष्कळ आहेत. तिला आपण सेवेची मूर्ती म्हणतो, करुणेची देवता म्हणतो, 'सिस्टर' म्हणून हाक मारून बहिणीचे नातेही बहाल करतो. दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिवशी, इस्पितळातून दिवे लावले जातात, फुले वाटली जातात, पाहुण्यांची भाषणे होतात. या सोहळ्यास आमची हरकत नाही. परंतु पंचवीस-तीस वर्षे इस्पितळांतील नोकरवर्गात वावरल्यावर एक गोष्ट आम्हांला स्पष्ट दिसू लागली आहे. माणसाला एकदा देव्हाऱ्यात बसविले, की त्याचे गाऱ्हाणे ऐकण्याची जबाबदारी आपोआप टळते. देवतेला झोप लागत नाही, जेवणाची सुट्टी लागत नाही, आणि एकाच रात्री पन्नास खाटा सांभाळताना तिचे पायही दुखत नाहीत, असे आपण धरून चालतो. मग एखाद्या रात्री तिच्या तोंडून कडक शब्द गेला की म्हणतो, "पूर्वीचा सेवाभाव राहिला नाही!"

म्हणून या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे आम्ही एक प्रश्न ठेवू इच्छितो. रोग्याशी मायेने वागणे हा केवळ स्वभावगुण आहे, की ती शिकता येण्याजोगी, पारखून पाहता येण्याजोगी आणि नीट व्यवस्था लावून टिकविता येण्याजोगी गोष्ट आहे? या प्रश्नाचा शोध परिचारिकांनी स्वतः घेतला आहे; खाटेशेजारी उभे राहून, पाहून, मोजून आणि लिहून ठेवून. हा इतिहास सुमारे एकशे सत्तर वर्षांचा आहे. आम्ही शाळा-कॉलेजात फार शिकलो नाही. युनियनच्या कचेरीतील कपाटात जी पुस्तके, जे अहवाल जमले, त्यांतून हे वेचले आहे. तेव्हा हे विद्वानाचे प्रबंधवाचन न समजता, एका कामगाराने कामगारांविषयी केलेले बोलणे समजावे.

आरंभ नाइटिंगेलबाईंपासूनच करावा लागतो. क्रिमियाच्या युद्धात, ४ नोव्हेंबर १८५४ रोजी, त्या ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारी येथील ब्रिटिशांच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या. रात्री हातात दिवा घेऊन खाटांमधून फिरणारी ती बाई सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्या दुसऱ्या हातात वही होती, हे चित्रकारांनी दाखविले नाही. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथे दाखल होणाऱ्या रोग्यांपैकी शेकडा ४२ च्या आसपास दगावत होते. जूनमध्ये तेच प्रमाण शेकडा २ च्या घरात आले. मध्यंतरी, मार्च महिन्यात, लंडनहून आलेल्या आरोग्य मंडळाने तुंबलेल्या मोऱ्या उपसल्या, मेलेली जनावरे हलविली, भिंतींना चुना लावला, हवा खेळती केली.

युद्ध संपल्यावर बाईंनी विल्यम फार या आकडेशास्त्राच्या जाणकाराच्या साहाय्याने सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या. निष्कर्ष असा निघाला की, शत्रूच्या गोळ्यांनी जितके सैनिक मेले त्यांहून कितीतरी अधिक टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले. आणि त्या पहिल्या हिवाळ्यात स्कुटारीच्या इस्पितळाखाली मोऱ्या तुंबलेल्या असेतोवर परिचारिकांच्या मायेने मरण थांबत नव्हते. हा निष्कर्ष त्यांच्या कीर्तीला सोयीचा नव्हता. घरोघरी त्यांच्या दिव्याची गाणी गायली जात होती. तरी त्यांनी आकडे लपविले नाहीत. १८५८ मध्ये त्यांनी पाकळ्यांच्या आकाराचा आलेख काढून मंत्र्यांपुढे ठेवला, आणि त्याच वर्षी लंडनच्या आकडेशास्त्र मंडळाच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद झाल्या. शुश्रूषेच्या इतिहासातील पहिला धडा हा असा आहे: नुसत्या मायेने माणूस वाचत नाही, ती माया कोठे कमी पडते हे शोधून काढावे लागते.

बाई आपल्या देशात कधी आल्या नाहीत, पण हिंदुस्थानशी त्यांचा संबंध पुढे आयुष्यभर राहिला. १८५९ मध्ये येथील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला गेला. तेव्हा त्यांनी छावण्याछावण्यांकडे प्रश्नावल्या पाठविल्या आणि आलेल्या उत्तरांचे ढीग उपसून काढले. लढाई नसतानाही दरसाल हजारी ६९ सैनिक मरत होते, असे १८६३ च्या अहवालात निघाले. दहा वर्षांनी, पाणी, मोऱ्या व बराकी सुधारल्यावर, हे प्रमाण १८ पर्यंत उतरल्याचे त्यांनी मांडले. ही मोजदाद आधी गोऱ्या सैनिकांची होती, हे विसरता कामा नये. परंतु बाई तेथेच थांबल्या नाहीत. येथील रयतेचे दुष्काळ, खेड्यांतील पाणी आणि घाण यांकडे त्या वळल्या, आणि उतारवयात खेड्यांच्या स्वच्छतेसंबंधी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांनी पत्रव्यवहार केला. ज्या सभेने दुष्काळात रयतेची स्थिती गावोगाव माणसे पाठवून नोंदविली, तिच्याशी या बाईंचे सूत जुळावे यात नवल नाही. दोघांचाही विश्वास एकाच गोष्टीवर होता: दुःख नोंदविल्याखेरीज सरकारला ते दिसत नाही.

पुढे मात्र एक विपरीत गोष्ट घडली. नाइटिंगेलबाईंच्या दिव्याचे अनुकरण जगभर झाले, वहीचे झाले नाही. परिचारिकेने आज्ञा पाळावी, प्रश्न डॉक्टरांनी विचारावेत, अशी रीत पडली. आपल्याकडे तर त्याहून अवघड. दुसऱ्याचे अंग पुसणे, मलमूत्र काढणे हे हलके काम, ही जातीपातीची समजूत होती. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू करून विधवा व निराधार स्त्रियांना ससून इस्पितळात शुश्रूषेचे शिक्षण मिळवून देण्याची खटपट केली, तेव्हा पांढरपेशा घरांतून नाके मुरडली गेली. जे काम हलके समजले जाते त्यातले ज्ञान कोणी ज्ञान मानीत नाही. गिरणीतल्या कामगाराला यंत्राच्या आवाजावरून बिघाड कळतो. पण इंजिनियरच्या कागदावर ते येत नाही. परिचारिकेचेही असेच झाले.

ही कोंडी फुटायला शंभर वर्षे लागली. ती कशी फुटली हे सांगण्यासाठी आम्ही एक अगदी साधे दुखणे घेतो. म्हातारा माणूस खाटेला खिळला की पाठीला, माकडहाडाला, टाचेला जखमा होतात. डॉक्टर त्यांना शय्याव्रण म्हणतात, घरोघरी 'पाठ फुटली' म्हणतात. ज्याच्या घरी असे दुखणे झाले असेल त्याला त्या जखमेचा वास आणि त्या माणसाचे कण्हणे आयुष्यभर विसरता येत नाही. इंग्लंडातील इस्पितळांत यावर प्रत्येक वॉर्डाचा निराळा उपाय असे. कोणी स्पिरिट चोळी, कोणी तेल, कोणी पावडर. आणि जखम झालीच तर दोष नर्सचा! तिने हयगय केली, असे सरसकट म्हटले जाई.

डोरीन नॉर्टन नावाच्या परिचारिकेने लंडनमधील एका इस्पितळाच्या वृद्धांच्या विभागात हा प्रश्न हाती घेतला. तिच्याबरोबर ऱ्होडा मॅक्लारेन ही दुसरी परिचारिका आणि एक्स्टन-स्मिथ हे वृद्धरोगांचे डॉक्टर होते. त्यांचा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. २५० वृद्ध रोग्यांवर त्यांनी लक्ष ठेवले. प्रत्येकाची पाच अंगांनी परीक्षा केली: प्रकृती कशी, मन कितपत ताळ्यावर, हिंडणे-फिरणे किती, खाटेवर कूस बदलता येते काय, आणि लघवी-शौचावर ताबा आहे काय. प्रत्येकास एक ते चार गुण. बेरीज पाच ते वीस. चौदा किंवा त्याहून कमी गुण आले की धोका समजावा. फार आजारी, म्हणजे बाराहून कमी गुणांच्या रोग्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना जखमा झाल्या. अठराच्या वर गुण असणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ५ होते. चोळण्याच्या निरनिराळ्या द्रव्यांनी फारसे काही साधत नाही. दर दोन-तीन तासांनी कूस बदलल्याने साधते, असेही दिसून आले.

यात विशेष काय, असे कोणी विचारील. आमच्या मते यात दोन मोठ्या गोष्टी आहेत. पहिली ही की, पाच ओळींचा हा तक्ता कोणतीही परिचारिका खाटेशेजारी उभी राहून, कसलेही यंत्र न वापरता भरू शकते. जे तिच्या डोळ्यांना नेहमीच दिसत होते त्याला प्रथमच ज्ञानाचा मान मिळाला. दुसरी गोष्ट ही की, 'हयगय' हा शब्द मागे पडला आणि 'धोका' हा शब्द पुढे आला. कोणाला आधी जपावे हे कळले, आणि कूस बदलण्यास किती हात लागतील याचा हिशेबही करता येऊ लागला. पुढे १९८५ मध्ये इंग्लंडात जूडी वॉटरलो यांनी व १९८७ मध्ये अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी आणखी बारीक तक्ते तयार केले. याही साऱ्या परिचारिकाच.

या ठिकाणी मुंबईची आठवण होणे साहजिक आहे. परळच्या के.ई.एम. इस्पितळातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर जवळजवळ बेचाळीस वर्षे त्याच इस्पितळातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली. जिने अरुणाबाईंना कधी हसता-बोलताना पाहिले नव्हते तीही त्यांना भरवू लागली. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा मुद्दाम गौरव केला, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाले नाही, याची नोंद घेतली. श्रोत्यांनी या एका वाक्याचा अर्थ नॉर्टनबाईंच्या तक्त्यावरून लावून पाहावा. कूस स्वतः बदलता न येणाऱ्या देहाला अडतीस वर्षे जखम होत नाही, म्हणजे काय? म्हणजे दिवसरात्र, सणावारी, संपाच्या दिवशी, पुराच्या दिवशी, कोणीतरी ठरल्या वेळी येऊन कूस बदलली आहे. आम्ही मायेची याहून मोठी मोजदाद ऐकलेली नाही.

शरीरानंतर मनाची गोष्ट. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रोग्याशी चार शब्द बोलणे याला आपण 'धीर देणे' म्हणतो. ते काम म्हणून हजेरीपटात कोणी लिहीत नाही. १९७५ मध्ये जॅक हेवर्ड या पुरुष परिचारकाने आपले संशोधन प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेत काय होणार, नंतर कोठे दुखेल, किती दुखेल आणि तेव्हा काय करावे, हे ज्यांना आधी नीट समजावून सांगितले त्यांना नंतर वेदनेची औषधे कमी लागली. १९७८ मध्ये जेनिफर बूर या परिचारिकेने आणखी एक पाऊल टाकले. अशी समजूत घातलेल्या रोग्यांच्या लघवीत मनाचा ताण दाखविणारी द्रव्ये कमी आढळतात, असे तिने तपासून दाखविले. म्हणजे धीराचा शब्द हा उपचारांवरचा अलंकार नसून स्वतःच एक उपचार आहे. आजीबाईला हे ठाऊक होते, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण आजीबाईचे म्हणणे इस्पितळाच्या अंदाजपत्रकात शिरत नाही, तपासून मांडलेले म्हणणे शिरू शकते.

परंतु आम्हांला सर्वांत अधिक आदर वाटतो तो फेलिसिटी स्टॉकवेल या परिचारिकेचा. १९७२ मध्ये तिने 'नावडता रोगी' या विषयावरचा शोध प्रसिद्ध केला. वॉर्डात बसून तिने पाहिले की परिचारिका सर्वांशी सारख्या वागत नाहीत. जो विनोद करतो, नाव घेऊन हाक मारतो, लवकर बरा होण्याची जिद्द दाखवितो तो आवडता. जो कुरकुर करतो, परक्या देशाचा आहे, फार दिवस पडून आहे किंवा ज्याचे दुखणे खरे नाही असे वाटते, तो नावडता. आणि त्याच्या वाट्याला बोलणे कमी येते. आपल्याच धंद्यातील उणीव आपणच उजेडात आणावयाची, याला धैर्य लागते. आम्ही युनियनवाले आपल्या माणसाची बाजू घेण्यात वाकबगार असतो. म्हणून या धैर्याची किंमत आम्हांला कळते. आपल्याकडे तर नावडतेपणाला जात, गरिबी, अस्वच्छ कपडे आणि गावंढळ बोली अशा किती वाटा आहेत! माया सर्वांना सारखी मिळते की नाही, हे मायेच्या गौरवाने कळत नाही, पाहावे लागते.

आता आमच्या जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे येतो. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप झाला. त्यातील एक मोठा प्रश्न होता, एका विणकराने किती साचे सांभाळावेत? दोनाचे तीन करा, असा मालकांचा आग्रह. गिरणगावातील पोरासोरांनाही हा हिशेब पाठ होता. साचा वाढला की सूत तुटते आणि कापडात दोष राहतो. खाटा वाढल्या की काय तुटते?

याचे उत्तर लिंडा एकेन या परिचारिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दिले. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ इस्पितळे, दहा हजारांवर परिचारिका आणि शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ रोगी एवढा पसारा त्यांनी तपासला. एका परिचारिकेवर एक रोगी वाढला की तीस दिवसांच्या आत रोगी दगावण्याचा संभव शेकडा ७ ने अधिक आढळला. परिचारिका मनाने करपून जाण्याचा संभव शेकडा २३ ने. २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांतील ३०० इस्पितळांच्या तपासणीत पुन्हा तोच शेकडा ७ चा आकडा निघाला. त्याच तपासणीत असेही दिसले की, पदवीपर्यंत शिकलेल्या परिचारिका जेथे अधिक तेथे मृत्यू कमी.

कॅलिफोर्नियातील परिचारिकांच्या युनियनने हा लढा आधीच सुरू केला होता. तेथे १९९९ मध्ये कायदा झाला, २००४ पासून तो अमलात आला, आणि २००५ पासून साध्या वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचांहून अधिक रोगी देता येत नाहीत. तेथील गव्हर्नरांनी हे पाचाचे बंधन पुढे ढकलण्याचा प्रयत्न केला, तेव्हा परिचारिका रस्त्यावर आल्या, कोर्टातही गेल्या, आणि बंधन टिकले. शोध आणि संघटना यांची जोडी जमली म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण.

आमच्याही अनुभवातील एक गोष्ट सांगतो. एका इस्पितळात व्यवस्थापनाशी बोलणी चालली असता "तुमच्या मुलींत सेवाभाव उरला नाही," असे आम्हांला ऐकविण्यात आले. त्यावर आम्ही भाषण केले नाही. तेथील परिचारिकांनी महिनाभर एक वही ठेवली. रात्रपाळी संपली की, जे करावयाचे राहून गेले ते तीत लिहायचे. महिन्याअखेरीस वही वाचली तेव्हा आम्हीही चकित झालो. इंजेक्शन कधी राहिले नव्हते, गोळी राहिली नव्हती. कारण त्यांच्यापुढे सहीचा रकाना होता. राहिले होते ते कूस बदलणे, म्हाताऱ्याला हाताला धरून चालविणे, भरविणे, घाबरलेल्या नातेवाइकाशी बोलणे. ज्याला आपण माया म्हणतो नेमके तेवढेच राहिले होते, कारण त्याला रकानाच नव्हता! ती वही टेबलावर ठेवली. दोन महिन्यांनी त्या वॉर्डास रात्री एक नर्स जादा मिळाली. पुढे आमच्या वाचनात आले की अमेरिकेतील बिएट्रिस कॅलिश या परिचारिकेने २००६ मध्ये अशाच राहून गेलेल्या सेवेची यादी केली होती, आणि तिच्या यादीतही चालविणे, कूस बदलणे, वेळेवर भरविणे, धीर देणे हेच होते.

येथे एक शंका घेतली जाते, आणि ती रास्त आहे. सगळेच मोजू लागलो तर माया उरेल काय? परिचारिकेचा अर्धा वेळ रजिस्टरे भरण्यात जाईल, आणि खाटेवरचा माणूस आकडा होऊन बसेल. गिरणीत घड्याळ घेऊन उभा राहणारा माणूस आम्ही पाहिला-ऐकला आहे. त्याची मोजणी कामगाराचे रक्त आटविण्यासाठी असे. तेव्हा आमचे उत्तर असे की, कोण मोजतो आणि कशासाठी मोजतो, यावर सारे अवलंबून आहे. वरून लादलेला तक्ता ओझे होतो. जी रोग्याच्या अंगाला हात लावते तिनेच प्रश्न विचारला, तिनेच नोंद केली आणि त्या नोंदीवर बोलण्याचा तिला हक्क असला, तर तीच मोजदाद मायेची राखण करते. नाइटिंगेलबाईंपासून एकेनबाईंपर्यंतचा सारा इतिहास या एका वाक्यात सांगता येईल.

आपल्या देशात याचे बीज नाही असे नाही. परिचारिकांची अखिल भारतीय संघटना १९०८ ची, तिचे मासिक १९१० पासूनचे. १९४६ च्या भोर समितीने ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, अशी आपली दैना नोंदविली होती. तेथून आपण पुष्कळ पुढे आलो. मुंबईत श्रीमती नाथीबाई ठाकरसी विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ पासून आहे. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुली दरसाल प्रबंध लिहितात. पण ते प्रबंध कपाटात राहतात आणि वॉर्डात जुनीच रीत चालते. ही दरी भरून काढणे परिचारिकांच्या एकटीच्या हाती नाही.

ते नागरिकांच्याही हाती आहे. आपल्या गावात नवे इस्पितळ उघडते तेव्हा फलकावर खाटांची संख्या मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते. पुढाऱ्यांची भाषणे होतात, टाळ्या पडतात. त्या सभेत कोणीतरी उठून एवढेच विचारावे: या खाटांमागे रात्रपाळीला परिचारिका किती? त्यांनी नोंदविलेले ऐकून घेण्यास आठवड्यातून एक तास कोणी राखून ठेवला आहे काय? ज्या दिवशी हा प्रश्न नगरपालिकेच्या सभेत आणि निवडणुकीच्या मैदानात विचारला जाईल, त्या दिवशी १२ मेची फुले वाटली नाहीत तरी चालेल. खाटेवर पडलेला माणूस आज कोणाचा तरी बाप आहे, उद्या आपण असू. मध्यरात्री आपली कूस बदलायला कोणी येईल की नाही, हे तिच्या पुण्याईवर न सोडता आपण आजच ठरवून ठेवावे, हे बरे.